वाडी वेगळी, बाजार एक

कोकणी मुसलमानांच्या घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली, की मुलाचे शिक्षण, नोकरी, घराणे विचारून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो : ‘मुंबईत जागा आहे का?’ पूर्वी या प्रश्नाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत असे. आता लगेच दुसरा प्रश्न येतो : ‘कुठे?’ डोंगरी, कुर्ला, जोगेश्वरी, मुंब्रा, मीरा रोड, नेरूळ यांपैकी जे नाव उच्चारले जाईल, त्यावरून समोरचा माणूस बरेच काही ताडतो. घर भाड्याचे की मालकीचे, येण्याजाण्याला किती वेळ, मुले कुठल्या भाषेत बोलत असतील, इमारतीचे कागद धड असतील की नाही, असे सारे त्या एका नावात असते.

या नावांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो कुणी बखरीत लिहिलेला नाही. भाड्याच्या पावत्या, पागडीचे कागद आणि बोटीवरच्या नोकरीचे दाखले हीच त्याची साधने. ती बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत पडून असतात. रत्नागिरी जिल्ह्यातला लांजा तालुका समोर ठेवून हा इतिहास पाहिला, तर आपल्या आजच्या काही प्रश्नांचे मूळ दिसते.

सुरुवात गावापासूनच करावी लागेल. लांजा तालुक्यातले कुठलेही जुने गाव पाहा. गाव एक असले तरी वाड्या वेगळ्या. कुणबीवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी, मोहल्ला. कोण कुठे राहणार हे जन्मानेच ठरलेले. तेव्हा आपली गावे पूर्वी एकत्र राहत होती आणि मुंबईने आपल्याला वेगळे केले, असे म्हणणे खरे नाही. वेगळे राहणे आपण गावातूनच शिकून आलो. बौद्धवाडीच्या वाट्याला जे वेगळेपण आले ते तर शुद्ध अन्यायाचे होते, हेही विसरता कामा नये. पण दोन वाड्यांमध्ये अंतर असायचे ते एखाद्या मळ्याचे किंवा पऱ्याचे. लांज्याचा बाजार एक, एस.टी.चा स्टँड एक, दवाखाना एक, तलाठ्याची कचेरी एक. सय्यद चाँदबुखारींच्या दर्ग्याचा उरूस भरला की सगळ्याच वाड्यांची माणसे तिथे दिसत. राहणे वेगळे, पण जगण्याच्या बऱ्याच जागा सामाईक, अशी ही रचना होती. मुंबईतल्या घरांचा इतिहास पाहताना मोजायचे ते हेच. वेगळे राहून सामाईक काय उरले?

रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला माणसे किती पुरवली याचा अंदाज १९२१ च्या शिरगणतीवरून येतो. त्या वर्षी मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वादोन लाखांहून जास्त होते. म्हणजे दर पाच मुंबईकरांत जवळजवळ एक आपल्या जिल्ह्यातला. (तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला.) डोंगरउताराची शेती, एकच पीक, खोतीचा भार आणि वाटण्या होऊन उरलेले तुकडे, ही घर सोडण्याची कारणे हिंदू-मुसलमान दोघांनाही सारखीच लागू होती.

मुसलमान चाकरमानी मुंबईत उतरला तेव्हा त्याच्या आधी तिथे त्याचे लोक होते. माहीमला मखदूम फकीह अली माहिमी यांची चौदाव्या-पंधराव्या शतकातली परंपरा होती. शहरातली जामा मशीद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, तिच्या कारभारात कोकणी मुसलमान होते. नाखुदा महमद अली रोघे यांच्यासारखे कोकणी जहाजमालक-व्यापारी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत होते. पण हे झाले सधनांचे. लांज्या-राजापुराकडून येणाऱ्या गरिबाला माहीत असे ते बंदर. रत्नागिरीहून किंवा जैतापूर-मुसाकाजीकडून तो आगबोटीने येई आणि भाऊच्या धक्क्यावर उतरे. धक्क्यापासून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत जाता येईल अशा टप्प्यात माझगाव, डोंगरी, मशीद बंदर. कोकणी मुसलमानांची वस्ती या पट्ट्यात का वाढली याचे साधे उत्तर हे आहे. काम बंदरावर किंवा बोटीवर, गावाकडची बोट तिथून सुटणारी आणि नमाजाला मशीद जवळ.

बोटीवरच्या कामाचा इथे मोठा वाटा आहे. पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी आणि त्यांचे सारंग बरेचसे रत्नागिरीच्या किनारपट्टीचे मुसलमान असत, तर खानपानाच्या खात्यात गोवेकर. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचे स्मारक मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. बोटीवरचा माणूस काही महिने समुद्रावर आणि मग पुढच्या बोटीची वाट पाहत मुंबईत. त्याला घर नको होते, पाठ टेकायला जागा हवी होती. गोवेकरांनी यासाठी आपापल्या गावाचे ‘कूड’ काढले. आपल्याकडे गावाची किंवा जमातीची खोली असे.

एका खोलीत पंधरा-वीस माणसांच्या ट्रंका. भाडे सगळ्यांनी मिळून भरायचे, पाळीवर गेलेल्याच्या जागी रात्री दुसऱ्याने पथारी टाकायची, जेवण एकत्र. नवा मुलगा गावाहून आला की त्याला पत्ता शोधावा लागत नसे. जागा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ती त्याच्या गावाने त्याच्या जन्माआधीच निवडून ठेवलेली असे. लालबाग-परळच्या गिरणगावात त्याच तालुक्यातल्या कुणबी आणि मराठा चाकरमान्यांच्या खोल्याही याच पद्धतीने चालत. म्हणजे गावातल्या वाड्या मुंबईतही वेगळ्याच राहिल्या. पण आगबोट एक, पुढे एस.टी. एक, पगाराच्या दिवशी पोस्टातली मनीऑर्डरची रांग एक. आणि बोली एक. डोंगरीतला मुसलमान आणि लालबागेतला कुणबी भेटले की ‘गाववाले’ म्हणूनच हाक मारीत. वाड्यांमधले अंतर आता ट्रामने जावे इतके झाले होते, तरी सामाईक जागा शाबूत होत्या.

या व्यवस्थेला पहिला धक्का लागला तो कायद्याने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले ही गोष्ट खरी. पण जागा सोडणे म्हणजे मूर्खपणा ठरला, भाड्याने नवी जागा बांधायला कुणी तयार होईना आणि जागा बदलायची तर टेबलाखालून पागडी मोजावी लागे. ही पागडी कायदेशीर झाली ती थेट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मुळे. मधली पन्नास वर्षे डोंगरी-माझगावच्या खोल्यांत माणसे वाढत गेली, बायका-मुले आली आणि इमारती जुन्या होत राहिल्या. गावाची खोली जिथे ज्याच्या नावावर होती त्याच्या घराची झाली. बाकीच्यांना आता स्वतःची जागा पाहायची होती.

ती पाहण्याची ऐपत आली आखाती नोकऱ्यांमुळे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, कुवेत, सौदी, ओमानकडे कोकणातून माणसे गेली आणि लांज्यातल्या मोहल्ल्यांत कौलांच्या जागी स्लॅब आले. उरलेल्या पैशातून मुंबईच्या उपनगरात फ्लॅट. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढत जाऊन दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली होती. मालकीच्या फ्लॅटांचा कायदा १९६३ पासून होता. कोकणी मुसलमान खऱ्या अर्थाने पहिल्यांदाच जागा निवडायला बसला. त्याने कुर्ला पाहिले, कारण नेहरूनगरला कोकणात जाणारी एस.टी. मिळे. माहीम पाहिले, कारण दर्गा आणि ओळखीची माणसे. जोगेश्वरी, अंधेरी पाहिले, कारण भाव परवडत. यांतल्या पुष्कळ इमारतींत दारावरच्या पाट्या सरमिसळ होत्या. एका जिन्यात सावंत, डिसोझा, मुकादम आणि शहा. कोकणी मुसलमानाला मुंबईने दिलेला हा सर्वांत मोकळा काळ होता. तो जेमतेम वीस वर्षे टिकला.

सरमिसळ हीच मुंबईची रीत होती असेही मानू नये. जातीचे आणि पंथाचे गृहनिर्माण इथे फार जुने. देशातली आद्य सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचे नाव घेतात ती गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. पारशांच्या कॉलन्या प्रसिद्धच आहेत. आपल्या माणसांत राहावे असे वाटणे हा काही गुन्हा नाही. खोली गावाची असे तेव्हा आपणही तेच करीत होतो. प्रश्न येतो तो दार बाहेरून लावले जाते तेव्हा.

१९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबईत दंगल झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली आहे : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे अन्य व अनोळखी. जोगेश्वरीसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंची घरे जळाली. त्यानंतर सरमिसळ इमारतींतून माणसे उठू लागली. मुसलमान मुसलमानांच्या वस्तीकडे, हिंदू हिंदूंच्या. कुणी जागा पडत्या भावाने विकली, कुणी अदलाबदल केली. पाट्या एकसारख्या होत गेल्या. जे उठले नाहीत त्यांची मुले मोठी झाली, तेव्हा नवी जागा शोधताना त्यांना नवा अनुभव आला. दलाल फोनवर गोड बोले आणि नाव सांगितले की ‘जागा गेली’ म्हणे. काही ठिकाणी कारण मांसाहाराचे, काही ठिकाणी ‘सोसायटीचा नियम’. नियम कुठे लिहिला आहे ते मात्र कुणी दाखवीत नसे.

मुंब्रा आणि मीरा रोड वाढले ते या दोन रेट्यांमुळे, भीती आणि नकार. तिसरा रेटा भावाचा. कौसा हे तर कोकणी मुसलमानांचे जुने गाव. तिथे आपली बोली आणि शाफई मशीद आधीपासून होती. मुंब्रा १९८२ पासून ठाणे महापालिकेत होते. मीरा रोडचे नया नगर ऐंशीच्या दशकात आकाराला आले. दंगलीनंतर या दोन्ही ठिकाणी इतकी माणसे आली की जुनी गावे त्यांत बुडून गेली.

या वस्त्यांना ‘मोहल्ला’, ‘घेट्टो’ म्हणून नाक मुरडणारे तिथे राहत नाहीत. जे राहतात त्यांना आधी काय मिळाले ते सांगायला हवे. रात्री निर्धास्त झोप मिळाली. रमजानात शेजाऱ्याला समजावण्याची गरज राहिली नाही. मुलीला एकटीने शिकवणीला पाठवता आले. स्वयंपाकाचा वास जिन्यात गेला तर कुणी तक्रार करीना. ज्याच्या घराला एकदा आग लागली आहे त्याला ‘तू मिसळून राहा’ असा उपदेश करण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे.

पण किंमतही मोठी पडली. पुष्कळ इमारती परवानगीशिवाय उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अशीच एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. कागद धड नसले की बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून रोखीचा व्यवहार, रोखीच्या व्यवहाराला पुन्हा पुरावा नाही, असे हे चक्र. लोकलचा प्रवास जीवघेणा. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून प्रवासी रुळांवर पडून मेले. ते सगळ्या धर्मांचे असतात, कारण लोकल सगळ्यांची आहे. आणि निर्धास्तपणाही कायमचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये नया नगरच्या आसपास ताणतणाव झाला आणि पाठोपाठ बुलडोझर आला.

दुसरी किंमत भाषेची. ती पैशात मोजता येत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. डोंगरीच्या खोलीत आपण लांज्याचे म्हणून राहत होतो. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये मुसलमान म्हणून राहायला आलो. शेजारी उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, कर्नाटक असा सगळा मुलूख. ही माणसे चांगली, मदतीला धावणारी. पण जिन्यातली भाषा मुंबईची हिंदी-उर्दू झाली, आपली कोकणी आजीच्या खोलीपुरती उरली. मे महिन्यात गावी गेलेला नातू आजोबांच्या कोकणीला हिंदीत उत्तर देतो. मोहल्ल्याबाहेरच्या बाजारात तो मराठीत अडखळतो आणि मग दुकानदार त्याला परप्रांतीय समजतो. ज्या मुलुखात त्याच्या खापरपणज्याची कबर आहे तिथे तो पाहुणा होतो. मराठी साहित्यात मुसलमान लेखक किती, असा हिशेब आपण संमेलनांतून मांडतो. त्या हिशेबाची एक बाजू घर कुठे घेतले यातही दडलेली आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. पण भेदभावाला मनाई करणारा १५ वा अनुच्छेद मुख्यतः शासनाला आणि सार्वजनिक जागांना बांधतो. खाजगी घरमालकाचा नकार त्यातून सुटतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या २३ व्या कलमानुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. याउलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. नाव न विचारणारी वाट एकच उरते, ती सोडतीची. म्हाडा आणि सिडको यांच्या सोडतीत चिठ्ठी ज्याची निघेल त्याला घर. तिथे दलाल नाही, समिती नाही, स्वयंपाकघराची चौकशी नाही. नवी मुंबईत ज्यांना सोडतीने घरे लागली त्यांच्या जिन्यांत अजून सरमिसळ पाट्या दिसतात.

बाहेरच्या जगात हे कायद्यानेच केले गेले, दोन्ही दिशांनी. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले काही कोकणी मुसलमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले होते. तिथल्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ या सरमिसळ भागात अनेक कुटुंबे नांदत होती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरवला गेला, घरांवर बुलडोझर फिरले आणि वंश पाहून माणसांना वेगवेगळ्या उपनगरांत धाडले गेले. हिंदी वंशाच्यांसाठी रायलँड्ससारखी वस्ती ठरली. सिंगापूरने १९८९ पासून उलट केले. सरकारी इमारतींत कुठल्याही एका वंशाचे प्रमाण ठराविक मर्यादेबाहेर जाऊ द्यायचे नाही असा नियम घातला. आपल्याकडे ना वेगळे करणारा कायदा, ना एकत्र ठेवणारा. केपटाऊनमध्ये जे सरकारी हुकमाने झाले ते इथे दलालाच्या एका वाक्याने होते. हुकमाविरुद्ध लढता आले, तो पुढे रद्दही झाला. दलालाचे वाक्य कुठल्या कचेरीत आव्हान द्यायचे?

आणि हे सगळे मुसलमानांपुरते आहे असे समजू नये. मुंब्र्याच्या पुढचे स्टेशन दिवा. गिरणगाव मोडले, लालबाग-परळच्या चाळींत जागा पुरेना, तेव्हा आपल्याच तालुक्यांतले कुणबी आणि मराठा चाकरमानी दिव्याला आले. तिथेही अनधिकृत इमारती, तिथेही पाण्याची ओरड, तिथेही कर्जाला बँकेचा नकार. ज्यांचे खापरपणजे एकाच बाजाराला जात, एकाच आगबोटीतून उतरत, ते आज लागून असलेल्या दोन स्टेशनांवर राहतात, सारख्याच पाण्याच्या टँकरची वाट पाहतात आणि एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकत नाहीत. दोन वाड्यांमधला मळा आता एका स्टेशनाएवढा झाला, तरी त्याहून मोठा वाटतो. कारण शाळा वेगळी, बाजार वेगळा, दवाखाना वेगळा आणि भाषाही वेगळी होत चालली आहे. वेगळ्या वाड्या ही जुनी गोष्ट. सामाईक जागा संपणे ही नवी.

म्हणून आजच्या तरुणाने जागा पाहायला जाताना नेहमीच्या गोष्टी विचाराव्याच. बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, २०१७ पासून लागू झालेली महारेराची नोंदणी, पाणी, स्टेशनचे अंतर, मशीद. याला आणखी दोन प्रश्न जोडावेत. इथे मुलाला मराठी कुठे ऐकू येईल? आणि आपल्याहून वेगळ्या माणसाशी त्याची रोजची गाठ कुठे पडेल? दोन्हींचे उत्तर ‘कुठेच नाही’ असेल, तर ती जागा घेऊच नये असे नाही. सुरक्षितता आधी. पण मग तेवढी भर घरातून घालावी लागेल. मराठी किंवा अर्धमराठी शाळा शोधून, घरात कोकणी बोलून, वाचनालय काढून, दिव्यातल्या गाववाल्यांच्या मंडळाशी तालुक्याच्या नावाने संबंध ठेवून. मुंब्र्यात आणि दिव्यात लांजेकरांच्या संघटना वेगवेगळ्या असतील तर पाण्याचा आणि कागदांचा प्रश्न तरी त्यांना एकत्र मांडता येईल.

सामाईक असे काही अजून उरले आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिचे विलवडे आणि आडवली ही स्टेशने लांजा तालुक्यात. सावंतवाडीची पॅसेंजर दिव्यातून सुटते आणि रत्नागिरीची दादर पॅसेंजरही करोनाच्या काळात दिव्यालाच थांबू लागली. गणपतीला, शिमग्याला, ईदेला आणि मे महिन्यात दिव्याच्या फलाटावर मुंब्र्याहून आलेले बुरखे आणि दिव्यातल्या नऊवारी एकाच डब्याकडे धावतात. जागेवरून भांडतात, मग सरकून जागा देतात आणि पनवेल यायच्या आत एकमेकांचे गाव विचारून घेतात. विलवड्याला उतरून लांज्याकडे निघाले की पुन्हा ज्याची त्याची वाडी. तोपर्यंतच्या काही तासांत ती माणसे एकाच तालुक्याची असतात. मुंबईतल्या घराची निवड करताना हा डबा लक्षात ठेवावा.